घरगुती दीपमंडलातील सांधा : एका दुर्लक्षित घटकाचा इतिहास

विजेच्या इतिहासात जनित्र आणि दिवा यांना जे मानाचे स्थान मिळाले, ते त्या दोहोंना जोडणाऱ्या तारेला मिळाले नाही. आणि जेथे एक तार दुसरीला मिळते त्या सांध्याकडे तर इतिहासकाराचे लक्ष क्वचितच गेले. वस्तुतः भिंतीतून वा छतातून जाणारी अखंड तार, तिच्या आवरणास इजा झाली नाही आणि तिच्यावर भलताच भार पडला नाही तर, सहसा दगा देत नाही. दगा देतो तो सांधा. तो भिंतीआड असतो, घरमालकाच्या दृष्टीस पडत नाही, आणि ज्या हाताने तो केला तो हात काम संपताच तेथून निघून गेलेला असतो. घरात विजेचा दिवा लावणारा प्रत्येक मनुष्य अशा अनेक न पाहिलेल्या सांध्यांवर विश्वास ठेवून रात्री झोपी जातो. हा विश्वास सार्थ ठरावा म्हणून गेल्या सुमारे एकशेचाळीस वर्षांत कोणकोणते उपाय योजले गेले, त्यांतील कोणते टिकले आणि कोणते का टिकले नाहीत, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

हे उपाय स्थूलमानाने तीन प्रकारचे आहेत. पहिला, सांधा उत्तम करणे. दुसरा, सांधा शक्य तेथे टाळणे. तिसरा, सांधा करण्याचे काम कारागिराच्या हातून काढून एखाद्या घडीव वस्तूकडे सोपविणे. हे तीन उपाय एकामागून एक पुढे आले हे खरे. तथापि नव्याने जुन्यास पूर्णपणे हुसकावून लावले असे घडले नाही. आजही जगाच्या निरनिराळ्या भागांत हे तिन्ही एकाच वेळी नांदत आहेत.

१. सांधे का वाढले

विजेचे पहिले सार्वजनिक दिवे चापदिवे होते. ते बहुधा एकसरीने जोडले जात. एकच तार एका दिव्यातून निघून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाई व शेवटी जनित्राकडे परत येई. या मांडणीत शाखा नव्हत्या, म्हणून शाखेचे सांधेही नव्हते. परंतु ही मांडणी घराच्या उपयोगाची नव्हती. घरात माजघरातील दिवा मालवला असता दिवाणखान्यातील दिवा चालू राहिला पाहिजे, ही पहिली गरज असते.

ती गरज समांतर जोडणीने भागली. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्क येथील पर्ल स्ट्रीटवरील एडिसनच्या केंद्रातून वीजपुरवठा सुरू झाला. लंडनमध्ये हॉलबर्न व्हायाडक्ट येथील केंद्र त्याच वर्षी जानेवारीत सुरू झाले होते. या पद्धतीत दोन मुख्य तारा घरभर फिरतात आणि प्रत्येक दिवा या दोन तारांच्या दरम्यान जोडला जातो. म्हणजेच प्रत्येक दिव्यासाठी मुख्य तारेस दोन ठिकाणी फाटा फोडावा लागतो. पर्ल स्ट्रीटच्या पहिल्या दिवशी सुमारे ४०० दिवे लागले असे सांगतात. त्यामागे किती सांधे असतील याचा हिशेब वाचकास सहज करता येईल. घरगुती दिव्याचे स्वातंत्र्य सांध्यांच्या संख्येने विकत घेतले गेले, असे म्हणावयास हरकत नाही.

२. तारायंत्राचा वारसा

हे सांधे करण्याची कला विद्युत्-दीपकारांनी नव्याने शोधली नाही. ती तारायंत्राच्या खात्याकडून आयती मिळाली. त्या खात्यात दोन सांधे प्रसिद्ध होते. पहिल्यास अमेरिकेतील तारायंत्र कंपनीवरून ‘वेस्टर्न युनियन’ असे नाव पडले. यात दोन तारांची टोके एकमेकींवर आडवी ठेवून प्रत्येक टोक दुसऱ्या तारेभोवती घट्ट वेढे देऊन गुंडाळीत. त्यामुळे तार ताणली असता सांधा सुटण्याऐवजी अधिक आवळे. दुसरा ‘ब्रिटानिया’ सांधा. यात दोन तारा शेजारी शेजारी ठेवून त्यांवर बारीक तार गुंडाळीत व वरून डाख देत.

परंतु तारायंत्राचा सांधा आणि दिव्याचा सांधा यांत एक मूलभूत भेद होता आणि तो प्रारंभी पुरेसा ध्यानात आला नाही. तारायंत्राच्या तारेतून वाहणारा प्रवाह अँपिअरच्या अगदी अल्प अंशाएवढा असे. त्यातील सांधा बिघडला तर संदेश अडे. आग लागत नसे. शिवाय ती तार उघड्यावर खांबांवरून जाई. दिव्याची तार मात्र लाकडी तक्तपोशी, फळ्यांची जमीन आणि कागद चिकटवलेल्या भिंती यांमधून जाऊ लागली, आणि तीतून वाहणारा प्रवाह अनेक पटींनी मोठा होता.

काम करणारी माणसेही नव्या धंद्यात तयार झालेली नव्हती. घंटांच्या तारा ओढणारे आणि गॅसच्या नळ्या बसविणारे कारागीर हेच पुष्कळदा वायरमन झाले. गॅसच्या कारागिराला गळतीची जाणीव नाकाने होत असे. विजेच्या बाबतीत हे इंद्रिय निरुपयोगी ठरते, ही गोष्ट १८८२ मध्ये लंडनच्या तारायंत्र व विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेने विद्युत्-दीपांपासून उद्भवणाऱ्या आगीचे धोके टाळण्यासाठी जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत स्पष्टपणे नमूद आहे. विजेची गळती वासाने कळत नाही. उलट ती उपकरणांनी अधिक निश्चितपणे कळते. म्हणून तारांची वारंवार चाचणी घ्यावी, असा त्यांतील उपदेशाचा आशय होता. ब्रिटनमधील पुढील सर्व वायरिंगनियमांचे मूळ या चार पानांच्या पत्रकात आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या नियमांचे नाव विजेच्या धक्क्यासंबंधी नव्हते, आगीसंबंधी होते. आणि या विषयात अभियंत्यांइतकाच रस विमाकंपन्यांनी घेतला. लंडनच्या फीनिक्स अग्निविमा कार्यालयाचे अभियंते मस्ग्रेव्ह हीफी यांनीही १८८२ मध्येच आपल्या कार्यालयाचे स्वतंत्र नियम काढले. अमेरिकेत विमाव्यावसायिकांच्याच पुढाकाराने १८९७ मध्ये राष्ट्रीय विद्युत् संहिता तयार झाली. सांधा कसा असावा, हा प्रश्न कायद्याच्या दालनात येण्यापूर्वी नुकसानभरपाईच्या खातेवहीत आला होता.

ही भीती काल्पनिक नव्हती. न्यूयॉर्कचे धनाढ्य सावकार जे. पी. मॉर्गन यांच्या मॅडिसन ॲव्हेन्यूवरील घरात १८८२ मध्ये एडिसनच्या माणसांनी दिवे बसविले. तेथे ग्रंथालयातील लिहिण्याच्या टेबलाकडे नेलेल्या तारांत दोष उत्पन्न होऊन आग लागली आणि टेबल जळाले. मॉर्गन यांनी दिवे काढून न टाकता मांडणी नव्याने करून घेतली, म्हणून या प्रसंगाने नव्या उद्योगाची फारशी हानी झाली नाही. परंतु नवी वीज श्रीमंताच्या घरातही निर्दोष नाही, हे तेव्हाच दिसून आले.

३. सांधा तापतो का

पुढील इतिहास समजण्यासाठी सांध्याचे भौतिकशास्त्र थोडक्यात पाहणे अवश्य आहे. दोन धातूंचे पृष्ठभाग एकमेकांवर दाबले असता ते संपूर्णपणे एकमेकांस टेकतात असे डोळ्यास वाटते. प्रत्यक्षात त्यांचा स्पर्श काही सूक्ष्म उंचवट्यांवरच होतो, आणि सर्व प्रवाहास त्या अरुंद जागांतून वाट काढावी लागते. विद्युत्-स्पर्शांचा हा विषय स्वीडिश शास्त्रज्ञ रॅग्नार होल्म यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पद्धतशीरपणे मांडला. दाब वाढला की स्पर्शाच्या जागा वाढतात व रोध कमी होतो. दाब सैल झाला किंवा पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढला की रोध वाढतो. उष्णता ही रोधाच्या प्रमाणात आणि प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात उत्पन्न होते.

एक उदाहरण घेतले असता हे स्पष्ट होईल. भारतीय प्रथेनुसार दिव्यांच्या एका उपमंडलावर ८०० वॅट किंवा १० ठिकाणे, यांपैकी जे कमी असेल त्याहून अधिक भार घालीत नाहीत. २३० व्होल्टवर ८०० वॅट म्हणजे सुमारे साडेतीन अँपिअर प्रवाह होय. मंडलाच्या प्रारंभीचा सांधा चांगला असेल व त्याचा रोध ०.००५ ओहम असेल, तर तेथे ०.०६ वॅट उष्णता निर्माण होते. ती कोणास जाणवणारही नाही. तोच सांधा सैल होऊन त्याचा रोध १ ओहम झाला, तर तेथे सुमारे १२ वॅट उष्णता निर्माण होते, आणि तीही अंगुस्तानाएवढ्या बंदिस्त जागेत. एडिसनच्या ११० व्होल्टच्या पद्धतीत तेवढ्याच शक्तीसाठी सुमारे दुप्पट प्रवाह लागे. म्हणून तशाच सांध्यात उष्णता सुमारे चौपट होई.

या उदाहरणातील खरी मेख मात्र निराळीच आहे. एक ओहम रोध वाढल्याने दिव्यांना मिळणारा दाब अवघा साडेतीन व्होल्टने कमी होतो. २३० व्होल्टमध्ये हा फरक डोळ्यास कळत नाही. मंडलातील प्रवाह वाढत नाही, किंचित कमीच होतो. त्यामुळे वितळतारही वितळत नाही. वितळतार ही अतिरिक्त प्रवाहावर पहारा ठेवते. सैल सांध्यातून वाहणारा प्रवाह तर नेहमीचाच असतो. अशा रीतीने दिवा लागलेला, वितळतार शाबूत, आणि छतात मात्र सांधा भाजत आहे, अशी स्थिती महिनोन् महिने टिकू शकते. उष्णतेने ऑक्साइड वाढतो, ऑक्साइडने रोध वाढतो आणि रोधाने पुन्हा उष्णता वाढते. सांध्याचा दोष आपण होऊन बरा होत नाही. तो वाढतच जातो.

४. पहिला उपाय : डाख

सुरुवातीच्या कारागिरांना हे गणित ठाऊक असो वा नसो, त्यांनी योजलेला उपाय योग्य होता. अमेरिकेच्या जुन्या नियमांचा दंडक असा की, तारांची गुंफण डाख न देताही यांत्रिक व विद्युत् दृष्ट्या भक्कम असली पाहिजे, आणि त्यानंतर तिला डाख द्यावा. या नियमातील क्रम अर्थपूर्ण आहे. डाख हा सांध्याचा आधार नव्हे. तो सांध्याचा रक्षक आहे. कथील व शिसे यांचे मिश्रण सुमारे १८३ अंश सेल्सिअस तापमानासच वितळू लागते. सांधा केवळ डाखाच्या जोरावर उभा असेल तर तो तापताच डाख मऊ होऊन तारा सुटतील. उलट गुंफण घट्ट असेल, तर डाखाचे काम हवा व ओल यांना आत येऊ न देणे एवढेच उरते.

अमेरिकेतील चिनी मातीच्या बोंडांवरून व नळ्यांतून तारा नेण्याच्या पद्धतीत असे सांधे मोकळ्या पोकळीत ठेवीत. त्यांवर प्रथम रबराची व नंतर कापडी टेप गुंडाळीत. ज्यांनी मन लावून काम केले त्यांचे असे सांधे अनेक दशके टिकले.

तरीही या उपायाच्या काही उणिवा होत्या. डाख चांगला बसण्यासाठी तार स्वच्छ खरवडावी लागे व राळ लावावी लागे. राळेऐवजी आम्लयुक्त द्रव्य वापरले तर सांधा आतून कुजे. छताला टेकून, मान वर करून, ज्वालेने किंवा तापलेल्या कैचीने शेकडो सांधे डाखणे हे कष्टाचे व वेळखाऊ काम होते. वितळलेले थेंब आणि उघडी ज्वाला यांमुळे जुन्या लाकडी घरात डाखकाम स्वतःच आगीचे निमित्त होऊ शके. टेपचे रबर वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने ठिसूळ होई. आणि सर्वांत मोठी उणीव ही की, टेप गुंडाळल्यावर चांगला सांधा व वाईट सांधा बाहेरून सारखेच दिसत. म्हणजे या पद्धतीत सुरक्षिततेचे एकमेव प्रमाण कारागिराची सचोटी हेच होते.

५. दुसरा उपाय : सांधा टाळणे

ब्रिटनमध्ये व तेथून भारतात जी पद्धत रूढ झाली, तिने हा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला. तारेला मध्येच कोठे फाटा फोडावयाचा नाही. तार अखंड एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यावयाची, आणि जेथे जेथे जोडणी आवश्यक आहे तेथे ती स्विच, सीलिंग रोज, होल्डर किंवा वितरणफळा यांच्या पितळी स्क्रूखालीच करावयाची. या पद्धतीस आपल्याकडील वायरमन ‘लूपिंग’ म्हणतात. तारेचा फेरा त्या उपकरणापर्यंत येतो, स्क्रूखाली अडकतो आणि तेथून पुढच्या उपकरणाकडे जातो.

भारतीय कामांतील रूढ नियम असा आहे की, फेजच्या तारेचा फेरा स्विचफळ्यावर घ्यावा आणि न्यूट्रल तारेचा फेरा दिवा, पंखा किंवा सॉकेट यांच्या ठिकाणी घ्यावा. स्विच नेहमी फेजच्या तारेत असावा, हा नियम याच्याशीच निगडित आहे. कारण स्विच न्यूट्रलमध्ये बसविला तर दिवा मालवल्यावरही होल्डरमध्ये फेज शिल्लक राहते. भारतीय मानक संस्थेच्या वायरिंगसंहितेने, म्हणजे ‘आय. एस. ७३२’ या मानकाने, या लूपिंगच्या प्रथेस मान्यता दिली, आणि नळीच्या आत सांधा करू नये हा दंडक सरकारी कामांच्या अटींतही उतरला.

या पद्धतीत तार जास्त लागते. जेथे फाट्याने वीतभर तार पुरली असती तेथे स्विचापर्यंत जाऊन परत यावे लागते. परंतु या जादा तारेच्या मोबदल्यात एक मोठी गोष्ट मिळते : घरातील प्रत्येक सांधा कोठे आहे हे आधीच ठाऊक असते. तो भिंतीत दडलेला नसतो. सीलिंग रोजची टोपी फिरविली किंवा स्विचफळा उघडला की तो समोर येतो. सांधा चांगला झाला आहे की नाही हे पाहण्याचा अधिकार प्रथमच कारागिराखेरीज इतरांस, म्हणजे निरीक्षकास व पुढच्या वायरमनास, प्राप्त झाला.

मात्र सांधा टाळला म्हणजे जोडणी टळली असे नव्हे. लूपिंगमुळे एकाच स्क्रूखाली दोन, प्रसंगी तीन तारा येऊ लागल्या, आणि अनेक तारा एकत्र धरण्याचा मूळ प्रश्न नव्या रूपात पुढे उभा राहिला. दोन निरनिराळ्या जाडीच्या तारा एकाच छिद्रात घातल्या तर स्क्रूचा दाब जाड तारेवर पडतो आणि बारीक तार सैल राहते. तारेचे तंतू कापले गेले असतील तर तिची वाहकता घटते. स्क्रूचे टोक तारेवरून निसटून आवरणावर बसले तर दाब आहे असे वाटते, स्पर्श मात्र नसतो. न्यूट्रलचा फेरा एका दिव्यापाशी सैल झाला तर त्यापुढील सर्व दिवे बंद पडतात, आणि तेथे फेज असूनही दिवा लागत नसल्याने दुरुस्तीस गेलेला मनुष्य वीज नाही असे समजून फसतो. अशा ठिकाणी दिवा न लागणे हा वीज नसल्याचा पुरावा मानू नये. मुख्य स्विच बंद करून तारेची चाचणी घेतल्यावाचून तिला हात लावू नये, हा जो धडा वायरमनांस दिला जातो त्याचे एक कारण येथे आहे.

६. तिसरा उपाय : घडीव जोडक

लूपिंगची पद्धत सर्वत्र स्वीकारली गेली नाही. उत्तर अमेरिकेत पेटीमध्ये अनेक तारा एकत्र आणून तेथून शाखा काढण्याची रीत टिकली. तेथे सांधा टाळण्याऐवजी सांध्याचे काम एका वस्तूकडे देण्यात आले. स्कॉटलंडहून कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात गेलेले विल्यम मार हे गॅसच्या दिव्यांची घरे विजेवर आणण्याच्या कामात होते. डाखण्याचे कष्ट व धोका यांचा अनुभव घेऊन त्यांनी १९१४ मध्ये दाबाने तारा धरून ठेवणारा जोडक तयार केला. या खटपटीतून पुढे टोपीसारखा फिरवून बसविण्याचा जोडक प्रचारात आला. कॅनडात अशा जोडकास आजही ‘मॅरेट’ म्हणतात. संयुक्त संस्थानांत ‘वायर-नट’ हे नाव रूढ आहे. टोपीच्या आतील निमुळती सर्पिल स्प्रिंग तारांवर फिरत चढते, त्यांना एकत्र आवळते आणि बाहेरचे कवच आवरणाचे काम करते. ज्वाला नको, राळ नको, टेप नको. आणि दुरुस्तीच्या वेळी टोपी उलट फिरविली की सांधा उघडतो.

ब्रिटनमध्ये चिनी मातीच्या अशाच लहान टोप्या काही काळ वापरात होत्या. जर्मनीत झुंबर छताला जोडण्यासाठी पितळी नळी व दोन स्क्रू असलेली पट्टी निघाली. तिचे जर्मन नावच ‘झुंबराचा चिमटा’ या अर्थाचे आहे. भारतीय बाजारात ‘कनेक्टर’ म्हणून जी पट्टी तुकडे कापून विकली जाते ती याच कुळातील होय. यानंतरचा टप्पा स्प्रिंगच्या चिमट्याचा. जर्मनीतील मिंडेन येथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या ‘वागो’ या कंपनीने स्प्रिंगने तार धरणाऱ्या जोडण्यांचा पाठपुरावा केला. तिचा ‘केज क्लॅम्प’ १९७७ मध्ये पुढे आला. या जोडकात प्रत्येक तारेस स्वतंत्र खाना असतो. त्यामुळे निरनिराळ्या जाडीच्या तारा एकाच स्क्रूखाली येण्याचा दोष नाहीसा होतो, आणि दाब कारागिराच्या मनगटावर नव्हे, तर स्प्रिंगच्या घडणीवर अवलंबून राहतो.

या तिसऱ्या उपायाचे महत्त्व केवळ सोयीत नाही. डाखलेल्या सांध्याची परीक्षा प्रत्येक घरी वेगळी करावी लागे. घडीव जोडकाची परीक्षा प्रयोगशाळेत एकदा करून त्यावर मान्यतेची मोहोर उठविता येते. विश्वासाचे ठिकाण अशा रीतीने माणसाकडून मानकाकडे सरकले.

७. मानकाची कसोटी : ॲल्युमिनियमचा प्रसंग

परंतु मानकही चुकू शकते, हे अमेरिकेने भारी किंमत देऊन अनुभवले. तांब्याचे भाव चढल्यामुळे सुमारे १९६५ पासून १९७३ पर्यंत तेथील पुष्कळ घरांत ॲल्युमिनियमच्या तारा बसविण्यात आल्या. तार म्हणून ॲल्युमिनियममध्ये दोष नव्हता. विजेच्या मोठ्या वाहिन्यांत त्याचा उपयोग होतच होता. दोष प्रकट झाला तो सांध्यात. जे स्क्रू व जोडक तांब्यासाठी घडविले होते, त्यांतच नवी तार बसविण्यात आली.

ॲल्युमिनियमवर हवेत तत्काळ ऑक्साइडचा कठीण व वीज न वाहणारा थर चढतो. तो धातू सततच्या दाबाखाली हळूहळू सरकतो, म्हणून आवळलेला स्क्रू कालांतराने सैल पडतो. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले असता तांब्याची लांबी दर दहा लाख भागांस सुमारे १७ भाग वाढते, तर ॲल्युमिनियमची सुमारे २३ भाग. दिवसातून अनेकदा तापून निवणाऱ्या सांध्यात हा भेद दर वेळी पकड थोडी ढिली करतो. २८ एप्रिल १९७४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हॅम्प्टन बेज येथे एका घरास लागलेल्या आगीत दोन व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. सॉकेटपाशी असलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेची सदोष जोडणी हे तिचे कारण असल्याचे अग्निशमन अधिकाऱ्यांनी ठरविले. पुढे तेथील ग्राहक-वस्तू सुरक्षा आयोगासाठी झालेल्या पाहणीत असे आढळले की, १९७२ पूर्वी उत्पादित झालेल्या ॲल्युमिनियमच्या तारा असलेल्या घरांत सॉकेटच्या जोडण्या आगीस कारण होण्याजोग्या स्थितीस पोहोचण्याचा संभव तांब्याच्या घरांहून ५५ पट अधिक होता. या तारा काढणे शक्य नसेल तेथे प्रत्येक जोडणीवर तांब्याचा तुकडा विशेष यंत्राने दाबून बसविणे, हा आयोगाने मान्य केलेल्या उपायांपैकी एक होय.

या प्रसंगाचा बोध असा की, सांधा हा तार, जोडक आणि बसविण्याची रीत या तिघांचा मिळून बनतो. यांपैकी एक बदलले की उरलेल्या दोघांची जुनी मान्यता रद्द समजली पाहिजे.

८. भारतातील स्थिती

मुंबईने विजेचा दिवा लवकर पाहिला. १८८२ मध्येच ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लावले. परंतु ती कंपनी पुढच्याच वर्षी बंद पडली. नियमित पुरवठा १९०५ पासून, बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीच्या स्थापनेनंतर सुरू झाला. १९०३ व १९१० या वर्षांचे विद्युत् कायदे आणि १९५६ चे भारतीय विद्युत् नियम यांनी या विषयास कायद्याचे स्वरूप दिले. १९५६ च्या नियमांतील ४५ वा नियम सांध्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा होता. परवानाधारक ठेकेदाराकडून, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व परवाना असलेल्या वायरमनकडूनच विद्युत् मांडणीचे काम व्हावे, असा त्याचा आशय होता. १९१० च्या कायद्याची जागा २००३ च्या विद्युत् अधिनियमाने घेतली, आणि १९५६ च्या नियमांच्या जागी केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम प्रथम २०१० मध्ये व नंतर २०२३ मध्ये आले.

ॲल्युमिनियमचा प्रश्न भारतासही चुकला नाही. तांबे बव्हंशी परदेशातून आणावे लागत असल्याने १९६० नंतरच्या दशकांत घरगुती कामातही ॲल्युमिनियमच्या तारांचा वापर मोठ्या प्रमाणावर झाला. पुढे तांब्याची तार पुन्हा रूढ झाली. परिणामी जुन्या इमारतींत भिंतीत ॲल्युमिनियम आणि नव्या दुरुस्तीत तांबे असा संकर आढळतो. हे दोन धातू नुसते एकत्र पिळले तर ओलाव्याच्या संगतीने त्यांच्यात विद्युत्-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजते. म्हणून त्यांच्यासाठी दोन्ही धातूंस मान्य असलेला जोडकच लागतो.

याहूनही व्यापक गोष्ट अशी की, कागदावर लूपिंगची पद्धत असूनही प्रत्यक्षात तारा हाताने पिळून, वर टेप गुंडाळून, नळीत किंवा छताच्या पोकळीत ढकलून देण्याची सवय नाहीशी झालेली नाही. वेस्टर्न युनियनच्या सांध्यातील गुंफण राहिली, पण डाख गेला. लूपिंगचे नाव राहिले, पण उघडता येण्याजोगी जागा गेली. आणि घडीव जोडकाचा चार पैशांचा खर्च वाचला. तिन्ही उपायांचे गुण वगळून तिन्हींचे दोष एकत्र आणणारा असा हा सांधा आहे. मूळच्या मांडणीत नसलेला एखादा दिवा मागाहून वाढविताना तो बहुधा जन्मास येतो.

दिव्यांचा भार आता पुष्कळ कमी झाला आहे, म्हणून ही सवय निरुपद्रवी आहे, असा एक युक्तिवाद ऐकू येतो. जेथे ६० वॅटचा दिवा होता तेथे ९ वॅटच्या एल.ई.डी. दिव्याने काम भागते, हे खरे. परंतु मंडल आज दिव्यांचे असले तरी उद्या त्यावर इस्त्री किंवा पाणी तापविण्याची कांडी लागणार नाही याची हमी सांधा देऊ शकत नाही. आणि प्रवाह तिप्पट झाला की त्याच सांध्यातील उष्णता नऊपट होते.

९. उपसंहार

या इतिहासातून निघणारे निष्कर्ष थोडे आहेत व ते साधे आहेत. सांधा शक्य तेथे टाळावा. टाळता येत नसेल तेथे तो तारेच्या धातूस, जाडीस व संख्येस मान्य असलेल्या जोडकाने करावा. जोडकाबाहेर उघडे तांबे दिसू नये, आणि प्रत्येक तार स्वतंत्रपणे ओढून पाहिली असता सुटू नये. सांध्यावर तारेचा ताण पडू नये. आणि तो पेटीत असावा. ती पेटी गिलाव्याखाली गाडलेली नसावी. ब्रिटनच्या विद्यमान वायरिंगनियमांतही डाखलेले, वितळवून जोडलेले व यंत्राने दाबलेले सांधे अशा काही अपवादांखेरीज प्रत्येक जोडणी तपासणी, चाचणी व दुरुस्ती यांसाठी पोहोचण्याजोगी असावी, असा दंडक आहे.

या नियमांपैकी शेवटचा हा सर्वांत जुना म्हणावा लागेल. १८८२ च्या अभियंत्यांनी वारंवार चाचणीचा आग्रह धरला, त्यामागचा विचार हाच होता की, जे इंद्रियांस कळत नाही ते तपासता तरी आले पाहिजे. डाख, लूपिंग आणि स्प्रिंगचा चिमटा ही साधने बदलत गेली. परंतु जो सांधा कोणास पुन्हा पाहता येणार नाही तो करू नये, हे तत्त्व बदलले नाही. घरात झोपलेल्या माणसाचा विश्वास एकदा येऊन गेलेल्या कारागिरावर सर्वस्वी विसंबून राहू नये, एवढ्यासाठीच सर्व नियम झाले, आणि ते पाळले जातात की नाही याची साक्ष भिंतीतील पेटी उघडल्यावरच मिळते.